मोजा अडकला, नळी खाली

“वाचता येतं म्हणजे कळतं, असं नसतं बाई,” लीलाताई म्हणाल्या.

मी कात्रीने पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापत होते. मान वर न करताच म्हटलं, “अहो ताई, लिपी एकच आहे. त्या नेपाळच्या मुली ‘वर’ वाचतात, ‘खाली’ वाचतात, घडाघडा वाचतात. इंग्रजी पाट्यांपेक्षा बरं नाही का?”

“माझा नातू हिंदी शाळेच्या पाटीपुढं उभा राहून वाचत होता, शिक्षा मंडल. मला म्हणतो, आजी, पोरांना शिक्षा करायला इथं अख्खं मंडळ बसवलंय? त्यालाही वाचता येतच होतं की.”

“तो सात वर्षांचा आहे.”

“आणि तू?”

मी हसले आणि पुढची चिठ्ठी कापली. मी पंचवीस वर्षांची होते, मायक्रोबायॉलॉजीची पदवी होती, घरी दहा महिन्यांची मुलगी होती, आणि मला घाई होती. त्या वर्षी मला सगळ्याचीच घाई असायची.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. नवजात बाळांना दूध पाजायच्या नळ्या आम्ही बनवायचो, नाकातून पोटात सोडतात त्या. वीज स्वस्त, जागा स्वस्त, माणसं स्वस्त, म्हणून मालकांनी तो सगळा विभाग नेपाळला, रक्सौलची सीमा ओलांडल्यावर लागणाऱ्या एका औद्योगिक वसाहतीत हलवायचं ठरवलं होतं. यंत्रं ट्रकने जाणार होती. बेचाळीस बायकांना घरी बसवायचं होतं. काम मात्र ट्रकने जात नाही, म्हणून तिकडच्या चार मुली आठ आठवडे आमच्याकडे शिकायला आल्या होत्या. त्यांना शिकवायचं आणि सगळं कागदावर उतरवायचं, हे माझं काम.

आमचे प्लँट हेड कुरियनसर केरळचे, मराठी-हिंदी त्यांना जेमतेमच कळायची, बोलायचे ते इंग्रजीतच. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “केतकी, क्वालिटीची एक जागा इथे राहणार. तिकडून पहिले तीन लॉट क्लीन आले तर ती तुझी. नाही आले, तर सॉरी.”

ती जागा मला हवी होती. कंपनीच्या फाटकाला लागून पाळणाघर होतं, दर तासाला जाऊन मी रेवाला बघू शकत होते. रेवा दोन महिने आधी जन्मलेली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि तिच्या नाकात आमच्याच कंपनीची नळी होती. त्या एकोणीस दिवसांनंतर माझी एक सवय झाली ती झालीच. ती झोपली की नाकापाशी बोट धरून श्वास लागतो का बघायचं. दार लावलं की पुन्हा उघडून बघायचं, मग पुन्हा लावायचं. नवरा म्हणायचा, तू घरातसुद्धा इन्स्पेक्शन करतेस.

कामाचा सगळा जीव एका मोज्यात होता. नळीच्या टोकाजवळ बाजूला दोन बारीक भोकं असतात, आम्ही त्यांना डोळे म्हणायचो. भोक पाडताना कड खरखरीत राहिली तर ती बाळाचा घसा ओरबाडते. नजरेला ती दिसत नाही, बोटालाही लागत नाही. म्हणून लाकडी चौकटीवर बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसवलेला असायचा. त्यावरून नळीचं टोक फिरवायचं. सुळकन सरकलं तर नळी रॅकच्या वरच्या कप्प्यात, तिथून धुवायला आणि पाकिटात. मोज्याचा एक धागा जरी अडकला तरी नळी खालच्या कप्प्यात, कड पुन्हा घासायला.

लीलाताई बावीस वर्षं त्या टेबलावर होत्या. नव्या बाईला त्या एवढंच शिकवायच्या : “मोजा सरकला, नळी वर. मोजा अडकला, नळी खाली. बाकी साहेब लोक काय बोलतात ते सोडून द्यायचं.”

म्हणून मी त्या चिठ्ठ्या केल्या. ‘वर’ आणि ‘खाली’. ठळक अक्षरात छापल्या, वरून चिकटपट्टी मारली आणि कप्प्यांना लावल्या. कंपनीच्या कागदपत्रात त्या नव्हत्या. कुरियनसरांना देवनागरी वाचता येत नव्हती, त्यांनी फक्त विचारलं, “धिस इज हेल्पिंग?” मी म्हटलं, “व्हेरी मच, सर.”

मदत होतही होती. चौघींपैकी सबिताचा हात पहिल्याच आठवड्यात बसला. सबिता चौधरी. माझ्याच वयाची, डाव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ, आणि बोलताना आधी हसून घ्यायची सवय. ती नळी मोज्यावरून फिरवताना डोळे मिटून घ्यायची.

“झोपलीस काय गं?” लीलाताई ओरडायच्या.

“नहीं अम्मा, सुन रहे हैं,” ती म्हणायची. “अटकता है तो आवाज करता है.”

लीलाताईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मला म्हणाल्या, “ही एक शिकली. आता मी मेले तरी चालेल.”

“मरो मत अम्मा, पहिले हमको पक्का होने दो!”

पक्कं होणं म्हणजे काय ते तिने मला पाळणाघराच्या पायरीवर बसून सांगितलं होतं. तिला दोन वर्षांची मुलगी होती, अस्मिता. नवरा मलेशियाला गेला तो गेलाच, वर्षभर फोन नाही. सासऱ्याने मुलगी ठेवून घेतली आणि हिला माहेरी धाडली. शेजाऱ्यांच्या देखत म्हणाला, हातात पक्की नोकरी दाखव आणि पोर घेऊन जा.

“छह महीना बिना गलती काम करेंगे तो लेटर मिलेगा, दिदी. लेटर हाथ में आया कि हम सीधे ससुराल. लेटर दिखाएँगे, बेटी उठाएँगे, बस.” तिने हवेतच पोर उचलून कडेवर घेतल्यासारखं केलं.

मग ती खरोखरच रेवाला उचलायची. रेवा कुणाकडे जायची नाही, माझ्या सासूबाईंकडेसुद्धा किरकिरायची, पण सबिताच्या खांद्यावर तिचं डोकं टेकलं की पाच मिनिटांत डोळे मिटायचे. मला त्याचा थोडा राग यायचा, आणि तेवढीच जरा उसंतही मिळायची.

ऑगस्टमध्ये त्या परत गेल्या. यंत्रं गेली. लीलाताई आणि बाकीच्या बायका गेल्या. त्या मुली निघाल्या तेव्हा सबिताच्या पिशवीत मी त्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घातला. म्हटलं, वहाँ भी लगाना.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी, रेवाला एकशे तीन ताप होता. मी रजा टाकून घरी होते. तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते, दर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावत होते आणि ते खोटं दाखवतंय की काय म्हणून स्वतःच्या काखेत लावून बघत होते. तेवढ्यात सबिताचा व्हिडिओ कॉल आला.

“दिदी, यहाँ रैक नहीं आया है. लंबा टेबल दिया है, एक ही मंज़िल का. ऊपर-नीचे है ही नहीं. आपका कागज कहाँ लगाएँ?”

“ट्रे पे लगा दो.”

“ट्रे पे?”

“हाँ, एक ट्रे पे वर, एक ट्रे पे खाली. काम वही है ना.”

या वेळी ती हसली नाही, हे मला आज आठवतं. “दिदी, लेकिन ट्रे तो घूमता रहता है. हम तो जानते हैं, पर दूसरे लोग…”

रेवा तेव्हाच ओकली. माझ्या कुशीत, गादीवर, सगळीकडे. मी फोनवर ओरडले, “अरे लगा दो ना बाबा! सब पूछने का होता है क्या? यहाँ रेवा को उलटी हो रही है!”

“क्या हुआ रेवा को?”

“बुखार है, बहुत बुखार है.”

“आप उसको देखिए,” सबिता लगेच म्हणाली. “आप उसको देखिए दिदी, हम लगा देते हैं.”

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तो फोन मी विसरून गेले.

पहिला लॉट स्वच्छ आला. दुसराही आला. मी नाशिकला एकटीच बसून त्यातल्या नमुन्याच्या नळ्या मोज्यावरून फिरवल्या आणि सगळ्या सरकल्या. कुरियनसर म्हणाले, “वन मोअर.” मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, वन मोअर. तिसराही नमुन्यात सरकला. नमुना म्हणजे हजारात पन्नास.

नोव्हेंबरमध्ये एका सरकारी रुग्णालयातून पाकीट परत आलं. आत वापरलेली नळी होती, टोकाला रक्त. सोबत परिचारिकेची चिठ्ठी : बाळाच्या घशातून रक्त आलं, नळी तपासा. बाळ सावरलं, असं पुढच्या पत्रात होतं. मुलगा की मुलगी, ते नव्हतं. मी ती नळी धुऊन मोज्यावर ठेवली. फिरवायचीसुद्धा गरज पडली नाही, धागा लगेच वर उचलला गेला. मी खुर्चीवरून उठले, पाळणाघरात गेले, झोपलेल्या रेवाच्या नाकापाशी बोट धरलं आणि परत आले.

तिसरा लॉट बाजारातून परत मागवला. उघडून तपासला तेव्हा त्यात न घासलेल्या नळ्या चांगल्या नळ्यांत मिसळलेल्या निघाल्या. चार-दोन नव्हे, पूर्ण ट्रेभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला व्हिडिओवर बैठक झाली. इकडे केबिनमध्ये मी आणि कुरियनसर. सरांचा संगणक वेगळा, माझा वेगळा. तिकडे त्या कारखान्याचे व्यवस्थापक पौडेलसर आणि त्यांच्या शेजारी, खुर्ची असूनही उभी, सबिता. केस घट्ट बांधलेले. कपाळापासून मागे गेलेला परवाच्या छठपूजेचा शेंदूर अजून पुरता निघाला नव्हता. महिन्याभरापूर्वी दसऱ्याला ती दोन दिवस सासरी मुलीला बघायला गेली होती आणि तेवढ्यातच हे घडलं होतं.

पौडेलसर हिंदीत बोलत होते, आम्हाला कळावं म्हणून. “टेबल पे ये ट्रे पड़ी थी. इसमें खराब नलियाँ थीं. धुलाई वाली लड़की आई, उसने समझा खाली ट्रे है, ऊपर से अच्छी नलियाँ डाल दीं. मैंने पूछा, भरी ट्रे को खाली कैसे समझा? बोली, सर, लिखा है.” त्यांनी ट्रे कॅमेऱ्यासमोर धरली. माझी पिवळी चिठ्ठी. माझी ठळक अक्षरं. “देखिए. भरी ट्रे पे लिखा है, खाली!”

कुरियनसरांनी माझ्याकडे बघितलं. “व्हॉट इज खाली?”

“एम्प्टी, सर,” पौडेलसर तिकडूनच म्हणाले. “रिक्त.”

मी पडद्यावरची चिठ्ठी बघत होते. हिंदी सिनेमे बघत मी लहानाची मोठी झाले, खाली म्हणजे रिकामं हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण मी लिहिलेला शब्द मी मराठीतच वाचत आले होते. त्या क्षणी पहिल्यांदा तो मला दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचता आला.

“किसने लगाया ये?” पौडेलसरांनी विचारलं.

“हमने लगाया हजुर,” सबिता म्हणाली.

“क्यों? तुम्हें पढ़ना नहीं आता?”

“हजुर, वो खाली जो है, वो… खाली नहीं है.”

तिकडे कोणीतरी फिसकन हसलं. पौडेलसरांनाही हसू आलं. “खाली, खाली नहीं है! तो क्या है?”

“वहाँ का बोली में…” ती अडखळली. “नासिक में खाली माने नीचे होता है.”

“नीचे? टेबल पे नीचे कहाँ है? दिखाओ.”

टेबलावर नीचे नव्हतंच.

कुरियनसर माझ्याकडे वळले. त्यांना सगळं बोलणं कळलं नव्हतं, मुद्दा कळला होता. “केतकी, धिस स्टिकर. इज इट इन अवर डॉक्युमेंट?”

माझा माईक बंद होता. मी तो सुरू केला. ते बटण दाबायला किती वेळ लागतो? मला आठवतं, तेवढ्या वेळात मी पाळणाघर बघितलं, पायरी बघितली, रेवाची डब्याची पिशवी बघितली.

“नाही, सर,” मी म्हटलं. “डॉक्युमेंटमध्ये नाही.”

हे खरं होतं. तपासून बघा, कुठल्याही पानावर सापडणार नाही.

मी माईक बंद केला.

सबिता कॅमेऱ्याकडे बघत होती. कॅमेऱ्याकडे बघणारं माणूस आपल्याकडेच बघतंय असं वाटतं, ती बहुधा पडद्यावरच्या माझ्या चौकोनाकडे बघत असेल. पौडेलसर म्हणाले, “किसी ने बोला था ऐसे लगाने को? बोला हो तो अभी बोलो.”

तिची भुवई, ती रेघेची, जरा हलली. मग ती आधी हसली, तिच्या सवयीप्रमाणे, आणि म्हणाली, “दिदी, उस दिन का बुखार… रेवा का बुखार उतर गया था?”

पौडेलसर वैतागले. “यहाँ क्या बात हो रही है और ये क्या पूछ रही है!”

कुरियनसरांनी भुवया उंचावल्या. “हू इज रेवा?”

“माझी मुलगी,” मी म्हटलं. मग पुन्हा माईक सुरू केला. “हाँ, उतर गया.”

“अच्छा हुआ,” सबिता म्हणाली.

पौडेलसरांनी तिला जायला सांगितलं. ती चौकोनातून बाहेर गेली आणि मागची रिकामी भिंत दिसू लागली.

चिठ्ठ्या माझ्या आहेत. मराठीत खाली म्हणजे नीचे. ट्रेवर लाव असं तिला मीच सांगितलं. एवढंच बोलायचं होतं. मी हे घरी आंघोळ करताना बोलून बघितलं, दहा सेकंदंसुद्धा लागत नाहीत.

शुक्रवारी कुरियनसरांनी माझ्या हातात पत्र दिलं. चूक तिकडच्या मुलीची, आपल्या शिकवण्यात खोट नव्हती, तिला काढलंय, तुझी जागा पक्की. मी येताना पेढे आणले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले. नवरा म्हणाला, आता तरी रात्री नीट झोप.

लीलाताई मला दीड वर्षाने भाजीबाजारात भेटल्या. मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, “त्या पोरीचा फोन आला होता गं, सबिताचा. अम्मा, बरी आहेस का म्हणाली. मी म्हटलं, तू पक्की झालीस का? तर म्हणाली, नहीं अम्मा, हम बेटी के पास जाने का दूसरा रास्ता देख रहे हैं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, हाथ से एक गलती हो गया.”

“आणखी काय म्हणाली?”

“तुझ्या लेकीचं विचारलं. चालते का म्हणाली. मी म्हटलं, पळते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तिच्या हातून चूक? तू शिकवलंस, मी शिकवलं. मला नाही पटत. तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, “रेवाला शाळेतून आणायचंय ताई,” आणि निघाले. तिला तेव्हा शाळा लागलेलीसुद्धा नव्हती.

नंबर मागायला मी दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांचा फोन नातवाने पाण्याच्या बादलीत टाकलेला होता. माझ्याकडचा जुना नंबर लावला तर कुणी पुरुष उचलायचा आणि राँग नंबर म्हणायचा. पुढे मी ती नोकरी सोडली. सोडल्यावर तिकडच्या कारखान्याला सगळं लिहून कळवलं, खाली सही केली. मेहेरबानी म्हणून का होईना, तिला परत बोलवा, असं लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं : कारखान्याची मालकी बदलली आहे, या नावाची कर्मचारी सध्या आमच्याकडे नाही. तिसऱ्या वेळी रक्सौलपर्यंतचं तिकीट काढलं होतं. रेवाला कांजिण्या आल्या आणि ते रद्द केलं. रेवाला नेहमीच काहीतरी होतं, किंवा मला तसं वाटतं.

याला आता सात वर्षं झाली.

आपल्याकडची पुष्कळ मंडळी पशुपतिनाथाला जातात. कुणी रस्त्याने जाणार असाल तर रक्सौल ओलांडल्यावर बीरगंज लागतं आणि पुढे सिमऱ्याच्या अलीकडे गाड्या चहाला थांबतात. तिथून आत पिपरा नावाचं गाव आहे. या नावाची दोन-तीन गावं आहेत म्हणे, ज्याच्या शाळेशेजारी ऊस गाळायचं गुऱ्हाळ आहे ते विचारा. तिथे सबिता चौधरीचं सासर. ती तिथे नसेलच. पण तिची मुलगी अस्मिता नऊ वर्षांची झाली असेल, ती कुणाजवळ राहते ते विचारा. आईकडे गेली म्हणाले, तर कुठे, ते विचारून तिथवर जा, उंबऱ्याशी दोघींच्या चपला आहेत का बघा. आणि आजोबांकडेच आहे म्हणाले, तर घाई करू नका, पाणी मागा, जरा बसा, पोरीला हाक मारू द्या. ती बाहेर आली की तिची आई शेवटची कधी भेटून गेली, एवढं तिलाच विचारा, आणि मला कळवा.